नकाशावरचा दुसरा ठिपका

माझ्या झऱ्यात तो बूट घालून उभा होता. बूट घालून. आजही आठवलं की तळपायाची आग मस्तकात जाते.

जुन्या पंपघरामागचा तो झरा. कातळाच्या फटीतून येणारं गार पाणी, बुडाशी हिरवंगार शेवाळ, आणि त्या शेवाळात राहतो माझा माइट. माइट म्हणजे कोळ्याचा पाण्यातला चुलतभाऊ — आठ पायांचा, लालचुटूक, खसखशीच्या दाण्याएवढा. शेजारच्या तळ्यातल्या माइटांपेक्षा याची जात वेगळी आहे, हे सिद्ध करायला मी कॉलेजच्या प्रयोगशाळेत डोळे फोडून घेतले होते. आई म्हणते, “लोकांच्या मुली राजपुत्रावर भाळतात, आमची भाळली ती किड्यावर.”

“बाहेर या,” मी म्हणाले. “आधी बाहेर या.”

तो वळला. हातात बारीक जाळं, पँट गुडघ्यापर्यंत भिजलेली. “मी… पाण्यातल्या जिवांचा नकाशा करतोय. कुठली जात कुठे कुठे सापडते—”

“आणि पायाखाली चिरडलेली जात नकाशात कशी दाखवता?”

त्यानं पायांकडे बघितलं. मुकाट्यानं बाहेर आला, बूट काढले आणि अंगठे धरायला लावलेल्या पोरासारखा कातळावर उभा राहिला. मी त्याला चांगलं फैलावर घेतलं. तो ऐकत होता… खरं तर बघत होता. रस्त्यावर त्याला न्यायला आलेल्या जीपचा हॉर्न वाजत राहिला, तेव्हा कुठे त्यानं ओलं जाळं गुंडाळून काखोटीला मारलं.

“बोलणी खायला पुन्हा कधी येऊ?” जाता जाता त्यानं विचारलं.

काय हा आगाऊपणा. मी “गुरुवारी” म्हणाले.

गुरुवारी तो चपला हातात घेऊन आला. मग येतच राहिला. प्रयोगशाळेत आम्ही आळीपाळीनं मायक्रोस्कोपला डोळा लावायचो. काचेवर त्याच्या श्वासाची वाफ धरलेली असायची, आणि मी ती लगेच पुसत नसे.

“याचे पाय तुमच्यापेक्षा जास्त,” तो म्हणायचा, “पण नाकावरचा राग अगदी तुमचाच.”

“माइटला नाक नसतं.”

“मग सगळा तुमच्याच वाट्याला आला म्हणायचा.”

तो मला आवडायला लागला होता. सांगून टाकते — फार आवडायला लागला होता.

आणि त्यानंच माझा घात केला. पाणीखात्यानं झऱ्यावर काँक्रीटचं झाकण घालून पाणी नळात घ्यायचं ठरवलं होतं. मी हरकत घेतली. माझं म्हणणं एकच: हा जीव फक्त इथे सापडलाय, झरा झाकला की तो संपला. सुनावणीची तारीख लागली, आणि त्याच आठवड्यात त्याचा नकाशा छापून आला. माझ्या माइटच्या नावापुढे दोन ठिपके होते. एक झऱ्यावर, दुसरा डोंगरापलीकडच्या ओढ्यावर.

पाणीखात्याचे साहेब खूश. “बाई, तुमचा किडा तिकडेही आहे की. मग इथल्याचं एवढं काय?”

मी त्याला फोन लावला. “मला विचारावंसंही वाटलं नाही?”

“सापडला म्हणून दाखवला. एकच होता, पण… होता. खोटं कसं लिहू?”

“तिथलं पाणी कोमट, गढूळ. तिथे तो तगणारच नाही. जा आणि पुन्हा बघा.”

हल्लीच्या फोनला आपटायची सोयही नसते. त्यानंतर त्याचे फोन येत राहिले, मी उचलले नाहीत. आई म्हणाली, “त्याचा राग माझ्या पातेल्यांवर काढू नकोस.”

सुनावणीच्या खोलीत पंखा करकरत होता. माझं बोलून झालं, तसं साहेबांनी नकाशा उघडून दुसऱ्या ठिपक्यावर बोट ठेवलं. तेवढ्यात मागच्या बाकावरून तो उठला.

“तो ठिपका चुकीचा आहे. मी मागे घेतोय, तसं छापायलाही पाठवलंय. ओढ्यात पुन्हा पुन्हा उतरलो, एकही माइट मिळाला नाही. मग जुना नमुना नीट पाहिला, तर त्याच्या पायात शेवाळ अडकलेलं. झऱ्यातलं. तो माझ्या जाळ्यातून तिकडे गेला. एका पाण्यातून दुसऱ्या पाण्यात जाताना जाळं उकळत्या पाण्यानं धुवायचं असतं. मी धुतलं नव्हतं.”

साहेबांचं डोकं फिरलं. “तुमचं रोजचं काम ते. विसरलात कसे?”

त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. “झऱ्यावर यांनी मला… फार झापलं. गाडीत बसल्यावर मी यांचाच विचार करत होतो. दुसऱ्या दिवशी ओढ्यात उतरलो तेव्हाही. अजूनही… करतोच आहे. हे लिहून घेतलं नाही तरी चालेल.”

टिपणं घेणाऱ्या बाई मात्र भराभरा लिहीत होत्या.

झाकणाचं काम रद्द झालं. मला आनंदानं उड्या मारायला हव्या होत्या. मी त्याला जिन्यात गाठलं.

“तुझी अक्कल कुठे चरायला गेली होती? खोलीभर लोकांना सांगितलंस, आणि मला?”

“तुम्ही फोन उचलत नव्हता.”

“आणि ‘तुम्ही’ काय? सगळं सरकारी कागदावर चढल्यावर?”

तो हसला. मी नाही हसले. त्याच्या पिशवीतून जाळ्याचा दांडा डोकावत होता. मी ते ओढून काढलं आणि उजेडात धरून बघितलं.

“धुतलंस?”

“दोनदा… उकळून.”

“घरी चल. पुन्हा मी धुते,” मी म्हणाले. “आणि तोवर आईला जे काय सांगायचं ते तू सांग. चारचौघांत तोंड उघडायची सवय लागलीच आहे तर.”