म्हाळसाबाईची चक्कर

बिरप्पाला तुमी वळखता. सांगोल्याच्या अलीकडं डाळिंबाच्या बागा संपत्यात, तितं त्याची वस्ती. मेंढरं राखणारा गडी, खोटं बोलायची सवय न्हाय. त्यानं सांगितलं तसं सांगतो.

गेल्या साली दिवाळी झाल्यावर तो बायकूला घिऊन सोलापूरला निघाला. म्हाळसाबाईला चक्कर यायची. भाकरी थापता थापता धाडदिशी पडायची. जरा वेळानं डोळं उघडून "काय झालं?" म्हणून आपल्यालाच इचारायची. भाऊबंद म्हणायचं, बाहेरचं हाय. देवऋषी झाला, लिंबू उतरून झालं. एकदा पडताना हात चुलीत गेला. तवा बिरप्पा म्हणला, आता दवाखाना.

डॉक्टरीणबाई तरणी हुती. नाडी धरली अन् तिचं तोंडच बदललं. ईसीजी काढला.

"काका, यांचं हृदय फार हळू चालतंय. मधूनमधून थांबतं. मेंदूला रक्त पोचत नाही, म्हणून पडतात. गोळ्यांनी भागणार नाही, पेसमेकर बसवावा लागेल."

"बसवा की," बिरप्पा म्हणला.

म्हाळसाबाई मातुर हळूच बोलली, "पडायच्या आदी मला ती दिसती."

"कोण?"

"काळ्या लुगड्यातली. लांब उबी असती. मग चालत येती. पोचायच्या आत माझी सुद जाती."

डॉक्टरीणबाईनं तिच्या पाठीवर हात ठिवला. "रक्त कमी पडलं की डोळ्यांपुढं काहीबाही दिसतं, काकू. मशीन बसलं की नाही दिसायचं."

मशीन बसलं. डाव्या खांद्याखाली, कातड्याच्या आत, काड्यापेटीएवढं. चक्कर गेली ती गेलीच. बाई शेरडामागं माळावर जाऊ लागली. चुलीपशी एकटी बसू लागली. बिरप्पाचा जीव भांड्यात पडला.

मग म्हाशिवरात्र झाली. दुसऱ्या दिवशी अवस. त्या रातीची ही गोष्ट.

लाईट गेल्याली. बिरप्पा वट्यावर, बाई आत बाजंवर. कुत्री भुकत हुती, ती एकाएकी गप झाली.

"अवं..."

आतनं हाक आली. लई बारीक.

बिरप्पा बॅटरी घिऊन आत गेला. बाई उठून बसल्याली. नजर मागल्या दाराकडं.

"चक्कर येती का गं?"

"न्हाय... येतच न्हाय."

"मग?"

"ती आलीया."

बिरप्पानं बॅटरी मारली. दार बंद. कडी लावल्याली. कुणी न्हाय.

"आदी माझी सुद जायची," बाई म्हणली. "मी सुटायची. आता जात न्हाय वं..."

"कुटं हाय ती?"

"आत आली..."

बिरप्पानं तिचा हात धरला. बरफ. पण नाडी लागत हुती. टक. टक. टक. एकसारखी.

"बाजंपशी..."

बिरप्पाला काय दिसंना. नुसता अंधार.

"आता वाकली..."

बाई वरडली न्हाय. डोळं मिटलं न्हाईत. बाजंचा सुंब करकरला... आजून कुणी बसल्यागत. बिरप्पानं हात सोडला न्हाय. नाडी तशीच. टक. टक. मशीन थांबू दीना.

तांबडं फुटंस्तोर दोगं तशीच...

सकाळी सोलापूर गाठलं. डॉक्टरीणबाईनं मशीन तपासलं. म्हणली, उत्तम चाललंय. मग टाक्याची जागा बघाय पदर सारला, अन् बघतच राह्यली.

"काका... हे कशानं झालं?"

मशीनच्या वर, कातड्यावर, काळानिळा वण उमटला हुता.

कानाचा. पाळीसकट.

कुणीतरी रातभर कान लावून आयकल्यागत.