बुजवलेलं उत्तरेचं दार

खोटं वाटलं तर वाटू दे, पण हे आमच्याच घरात घडलंय. इंग्लंडमधल्या नॉरफोकमधलं आमचं गाव. १९३१ सालच्या फेब्रुवारीतला पहिला रविवार, दुपारचे तीन.

माझे पणजोबा ईनक थर्टल गावचे गवंडी. त्या दिवशी त्यांच्या नातीचा बाप्तिस्मा होता.

आमचं चर्च आठशे वर्षांचं. गारगोट्यांच्या दोन हात जाड भिंती, आणि समोरासमोर दोन दारं. दक्षिणेचं माणसांसाठी. उत्तरेचं फक्त बाप्तिस्म्याला उघडायचं. डोक्यावर पाणी पडलं की बाळ रडतं आणि त्याच्यातलं वाईट त्या दारातून निघून जातं, असं जुनी माणसं मानायची.

पण तिथून गार वारा यायचा. म्हणून पाद्रीबाबांच्या सांगण्यावरून ईनकनीच आठवड्यापूर्वी ते दगडांनी बुजवलं होतं.

"नातीचा बाप्तिस्मा, आणि दार आजोबानंच बुजवलंय," झाडलोट करणारी म्हातारी केझाया म्हणाली. "अक्कल गहाण ठेवली होतीस का रे, ईनक?"

"तुझाच खोकला थांबावा म्हणून बुजवलं. गप बस आता."

सगळे हसले.

पाद्रीबाबांनी दगडी कुंडातलं पाणी बाळाच्या डोक्यावर घातलं.

बाळ रडलं नाही.

दुसऱ्यांदा घातलं... तिसऱ्यांदा...

डोळे सताड उघडे. ओठ निळे पडत चाललेले.

आणि मग...

टक्. टक्. टक्.

बुजवलेल्या दारातून.



"फोड ते, ईनक," केझाया पुटपुटली. "ते बाहेर पडायला बघतंय. पोर हातची जाईल."

ईनकनी चर्चच्या मनोऱ्याखाली ठेवलेली पहार उचलली. थंडीनं चुना अजून सुकला नव्हता. चार घावांत दगड बाहेर कोसळले.

बाहेर लख्ख ऊन होतं, ताजा बर्फ होता. चर्चच्या त्या बाजूला बाप्तिस्म्याआधीच गेलेली पोरं पुरायचे, क्रूस न लावता. ईनकची लेक हेस्टर, म्हणजे या बाळाची आई, तिचं पहिलं पोर नऊ दिवसांचं होऊन गेलं, तेही तिथेच होतं.

तिथून दारापर्यंत बर्फात एक रेघ आली होती... काहीतरी सरपटत आल्यासारखी.

परत जाणारी रेघ नव्हती.

ईनकच्या ध्यानात आलं. आतलं काही बाहेर जायला धडपडत नव्हतंच. बाहेरचंच आत यायला ठोठावत होतं.

तेवढ्यात मागे बाळ रडलं.

लोकांच्या जिवात जीव आला. हेस्टर मात्र पांढरीफटक पडली. तिनं बाळाला अंगापासून लांब धरलं होतं.

"बाबा," ती म्हणाली, "हे हिचं रडणं नाही. हे त्याचं आहे. माझ्या पहिल्याचं."



हेस्टर माझी आजी. तिनं त्या लेकीला वाढवलं, शिकवलं, लग्न लावून दिलं. पण मरेपर्यंत एकदाही तिला नावानं हाक मारली नाही.

ती लेक माझी आई. तिनं माझे खूप लाड केले. मी तिला आई म्हणतो... आणि दर वेळी मला भीती वाटते.