पऱ्याची कॅसेट

पोरांनो, तो टेप जरा बंद करा, मग सांगतो. आखातात आमच्या मुहर्रकच्या खोलीतल्या हाशिमचं झालं ते. त्र्याऐंशी साल.

हाशिम विमानतळावर लोडिंगला होता. एके दिवशी तो ताहिरची ट्रंक गावी जाणाऱ्या माणसाकडे पोचवायला निघाला. ताहिर खोलीतलाच, बुसैतीनला बांधकामाच्या परांचीवरून पडून वारला होता. ट्रंक बांधताना हाशिमने दोन कॅसेटी काढून ठेवल्या. एकीत ताहिरच्या बायकोने, मुनीराने, घरामागच्या पऱ्याच्या, म्हणजे ओढ्याच्या, पाण्याचा आवाज भरून पाठवला होता, नवऱ्याला झोप लागावी म्हणून. विमानांच्या घरघरीने हाशिमचंही डोकं भणभणायचं. पऱ्या लावला की अंग सैल पडायचं.

दुसरीत ताहिर न पाहिलेल्या लेकीशी बोलत होता. "बाय गो, मी तुझा अब्बा…"

पहिली घासत आली, तेव्हा हाशिमने पऱ्या दुसरीवर उतरवला. ताहिरच्या आवाजावरच. कोरी कॅसेट कोपऱ्यावरच्या दुकानात मिळत होती. त्याने कंटाळा केला.

मग मुनीराचं पत्र आलं. 'भाईजान, त्यांचा आवाज कुठे भरलेला असेल तर पाठवा. पोर दीड वर्षाची झाली, अजून बोलत नाही. अब्बांना ऐकून तरी बोलेल.'

हाशिमने कळवलं, काही सापडलं नाही.

चौदा जुलै, गुरुवार. ईद होऊन दोन दिवस झालेले. रात्री दोनला लाईट गेली. पंखा थांबला. टेपही थांबायला हवा होता; त्यात सेल नव्हतेच.

पाणी वाहत होतं.

हाशिम उठून बसला. पाण्याखालून कुणीतरी…

"हाशिम… माझ्या लेकीला आता कोण बोलतं करणार?"

त्याने बटण दाबलं. वायर उपटली. पाणी वाहतच होतं.

"ताहिर… चुकलो रे…"

ओठ हलले. आवाज…

किंकाळीने शेजारच्या खाटेवरचा शब्बीर जागा झाला. हाशिम आ वासून बसलेला. तोंडातून काही नाही. किंकाळी टेपमधून येत होती. हाशिमचीच. मग ती पाण्यात बुडाली.

हाशिम पुन्हा बोलला नाही. डॉक्टरांना घशात काही दिसलं नाही. कंपनीने व्हिसा रद्द करून त्याला घरी पाठवला.

पुढच्या वर्षी शब्बीर रजेवर गेला, तेव्हा ताहिरच्या घरी भेटून आला; मुनीराच्या सासऱ्याने त्याला रात्री ओटीवर ठेवून घेतला. पोर आता चुरूचुरू बोलत होती. मुनीरा दाराआडून म्हणाली, "भाईजान, दिवसा ठीक असते. पण झोपेत ओरडते… पुरुषासारखी. हिच्या अब्बांचा आवाज नाही तो. मग कुणाचा?"

रात्री दोनला शब्बीरने तो ऐकला.

ओळखलाही.

सकाळी मुनीराला म्हणाला, "मला ठाऊक नाही, बाय."