रुमाल टाकलेली जागा

"वर्षालीचं काय बाई, तिचा जॉब कायम पुढे. सर्व्हरवाल्याकडे वशिला आहे ना!"

कँटीनच्या रांगेत माझ्या टीममधली योगिनी हे मोठ्याने म्हणाली. मी वळून पाहते तर मागे ताट घेऊन सर्व्हरवाला सुजितच उभा! आजवर आमची ओळख फक्त मेलवरची, तिथल्या फोटोपुरती...

आमच्या चाकणच्या कंपनीत गाड्यांची टक्कर आधी कॉम्प्युटरवर होते. ज्याने त्याने आपला जॉब, म्हणजे त्या टकरीचं गणित, सर्व्हरच्या रांगेत लावायचा. ती रांग सुजित सांभाळायचा, आणि माझे जॉब खरंच लवकर लागायचे. मला पर्मनंट व्हायचं होतं. 'वशिल्याची' हा शिक्का बसला की मेहनत पाण्यात. ह्या माणसाला माझ्याकडून हवंय तरी काय? त्यात तो दिसायलाही बरा, म्हणून राग जास्तच आला.

जेवण सोडून मी त्याला गाठलं. "माझे जॉब तुम्ही आधी घेता?"

"नाही."

"मग आमच्या टीमच्या रोहिदास सरांचे अडकतात नि माझे लागतात, ते कसे?"

"आपली बस बघा ना," तो हसला. "लोक रुमाल टाकून तीन-तीन जागा धरतात. सर्व्हरवरही तेच. लागतात त्याच्या चौपट प्रोसेसर मागायचे, वेळही चौपट लिहायचा. तेवढी जागा एकदम रिकामी व्हायला नको? तुम्ही लागेल तेवढंच मागता. मधल्या फटीत मशीनच तुम्हाला बसवतं."

मला पटलं नाही. योगिनीला तर मुळीच नाही. दुसऱ्या दिवशी तिने मुद्दाम बेताचं मागून पाहिलं, आणि तिचा जॉब माझ्याही आधी लागला. लगेच तिने बाकीचे जॉबही तसेच लावले.

मी मात्र, खरं सांगते, खट्टू झाले. म्हणजे ह्याने माझ्यासाठी काहीच केलं नव्हतं तर!

संध्याकाळी घरी, रहाटणीला जाणाऱ्या कंपनी बसमध्ये ही गर्दी. खिडकीजवळच्या एका जागेवर चौकड्यांचा रुमाल, आणि शेजारी सुजित.

"कुणासाठी धरलीय?" मी संशयाने विचारलं.

"तुमच्यासाठी..."

"तुम्ही तर वशिला लावत नाही ना?"

"सर्व्हरवर नाही लावत," तो म्हणाला. त्याचे कान लालबुंद झाले होते. "इथं — लावावासा वाटला."

मागून योगिनी खाकरली. "बघा, वशिला!"

"हो, आहे," मी म्हणाले. रुमाल उचलून पर्समध्ये टाकला आणि बसले.