भरीव दांडा

मंगळवार, १८ नोव्हेंबर १९९७. रात्रीचे आठ वाजून वीस मिनिटं. बारामती एमआयडीसीतल्या एका पत्र्याच्या शेडमधून लाल रंगाची, दोनच माणसं बसतील अशी बुटकी मोटार बाहेर पडली. चालवणारा एकटा होता. आभाळ कोरडं. वारा पडलेला. चंद्र उगवायला अजून तासाभराहून जास्त अवकाश होता.

म्हस्कू तात्या हे घड्याळात बघून सांगितल्यासारखं सांगतात, कारण शेडचं फाटक त्यांनीच उघडलं होतं. ते तिथले राखणदार. पुढचं त्यांनी पाहिलेलं नाही. ज्याच्यावर बेतलं त्या नागेश मिस्त्रीनं ते त्यांना सांगितलं, तेही एकदाच. रात्रपाळीची पोरं फाटकापाशी मोटारसायकली लावून शेकोटीला बसली की तात्या ही हकीकत काढतात. परवा निमित्त झालं रामचं. तो जुन्या जीपवर फायबरची बॉडी चढवायची म्हणत होता.

"चढव की," तात्या म्हणाले. "आधी ऐक, मग चढव."

"भुताचं हाय का तात्या?"

"ते तू ठरव. मला भुताचं भ्या न्हाय. मला मिस्त्र्याचं भ्या वाटतं."

पोरं हसली. तात्या हसले नाहीत.

नागेश मिस्त्रीचा हात उसाच्या ट्रॉलीवर बसलेला. त्याची ट्रॉली दहा टन ऊस भरून ओढ्यात घातली तरी वाकायची नाही, असा त्याचा लौकिक. लोखंड घालायचं ते दुप्पट, आणि वेल्डिंग करायचं ते जन्मभराचं. वडगाव निंबाळकरच्या आप्पासाहेबांच्या तीन ट्रॉल्या त्यानंच बांधल्या होत्या. म्हणून आप्पासाहेबांच्या मुलानं, दीपकनं, पुण्याहून सुट्या भागांची मोटार आणली, तेव्हा तीही त्याच्याकडेच आली.

तीन खोक्यांत मोटार. फायबरची लाल बॉडी, दोन सीटा, बारीकसारीक सामान आणि एक इंग्रजी पुस्तिका. इंजिन नि चाकं आपली आपण जुन्या गाडीची घालायची. पुस्तिका खोक्यातच राहिली. तसली गाडी विकणाऱ्यानं ती वाचून दाखवली नाही, विकत घेणाऱ्यानं वाचली नाही, आणि असली गाडी रस्त्यावर आणण्याआधी ती ठोकर सोसते का, हे बघायची सक्ती कुणावरच नव्हती. दीपकला गाडी आदल्या वर्षीच्या दिवाळीला पाहिजे होती.

खोक्यात स्टेअरिंगचा दांडा होता. त्याला मधे दोन सांधे. नागेशनं तो हातात धरून हलवला.

"दीपकराव, ह्यो तर खुळखुळा हाय. पाटाच्या कडंनं जाताना हातात यायचा."

"मग तुमी चांगला बसवा. तुमच्या ट्रॉलीवानी."

नागेशनं सांध्यांचा दांडा भंगारात टाकला आणि ट्रॉलीचा भरीव गज कापून, सरळ, एकसंध, पुढच्या आडव्या पट्टीपासून चालवणाऱ्याच्या छातीपर्यंत बसवला. सीटचा पट्टा फायबरच्या तळाला दोन नटांनी आवळला. काम पक्कं झालं. दीपकनं त्याच्या खांद्यावर थाप मारली.

दिवाळीनंतर चार महिन्यांनी दीपक इंदापूरहून परत येत होता. पळसदेवच्या अलीकडच्या पुलाच्या कठड्याला गाडी धडकली. म्हैस आडवी आली होती. मागून येणाऱ्या ऊसवाल्यानं सांगितलं, वेग काही फार नव्हता, माझा ट्रॅक्टर गाडीच्या मागं-मागंच होता. तरी पंचनाम्यात आलं, भरधाव वेग. गावोगावच्या पंचनाम्यांत हे दोन शब्द तयारच असतात. त्यांनी मेलेला दोषी ठरतो आणि जिवंत माणसं घरी जातात.

विम्याचा माणूस मोडलेली गाडी बघायला शेडवर आला. तो वाकून बराच वेळ आत बघत राहिला.

"मिस्त्री, हा दांडा कुणी बसवला?"

नागेशनं पान्हा उचलून पेटीत ठेवला.

"ह्यात सांधे असतात. ठोकर बसली की मोडून बाजूला पडावा म्हणून. हा मोडलाच नाही. हा सरळ..." त्यानं वाक्य पुरं केलं नाही. "पट्टाही तळासकट उपटून आलाय. दुसऱ्या गाडीत हा पोरगा हात मोडून घरी गेला असता."

"गाडी तशीच आलीती पुण्यास्नं," नागेश म्हणाला.

त्याच्या तोंडून हे एकच खोटं गेलं. पण ते टिकवायला पुढचं सगळं करावं लागलं. आप्पासाहेबांना गाडी डोळ्यांसमोर नको होती. इंदापूरच्या महिपतीनं ती मोडलेलीच घेतली, नीट करून द्यायच्या बोलीवर. महिपती उजनीच्या मासळीचा व्यापारी, हौशी गडी. नागेशनं फायबर जोडलं, रंग मारला. दांडा जरासा वाकला होता तो भट्टीत लाल करून सरळ केला आणि पुन्हा होता तिथंच बसवला. सांध्यांचा घातला असता, तर आप्पासाहेबांनी विचारलं असतं, आता का घातला?

गाडी महिपतीच्या मुलीसाठी होती. योगिनी बारामतीला कॉलेजात जायची. त्या मंगळवारच्या आठवडाभर आधी ती शेडवर सीटचं माप द्यायला आली. पोरगी ठेंगणी. पाय पोचेनात, म्हणून सीट पार पुढं घ्यावी लागली. स्टेअरिंग तिच्या छातीपासून वीतभर राहिलं.

"काका, ह्याहून पुढं येत न्हाय का?"

"न्हाय," नागेश म्हणाला आणि हात पुसत बाहेर गेला.

त्या मंगळवारी तो ही गाडी तिच्या दारात पोचवायला निघाला होता. सकाळी पूजा करून ती पहिल्यांदा चालवणार होती. दिवसभर वीज नव्हती, म्हणून शेवटचं काम संध्याकाळी उरकलं. निघताना नागेशनं सीट आपल्या मापानं मागं ओढली. खटका लागल्याचा आवाज तात्यांनी ऐकला.

भिगवणपर्यंत काही झालं नाही. गाडी छान पळत होती. पुढं सोलापूर रस्त्याला लागल्यावर कट्ट असा आवाज झाला आणि सीट एक खटका पुढं आली.

नागेशला वाटलं, खाच झिजली असेल. त्यानं खाली हात घालून सीट मागं रेटली.

डाळजपाशी पुन्हा तेच. कट्ट. ह्या वेळी ती मागं जाईना. त्यानं गाडी बाजूला घेतली, उतरला, टॉर्चनं खालचा रूळ बघितला. खाच कोरी होती. त्यानंच तर नवी बसवली होती. तो परत आत बसला.

कट्ट.

आता गुडघे वाकवून बसावं लागत होतं. मग पाठीला काहीतरी लागलं. सीटच्या पाठीतून, दोन्ही बाजूंनी, दोन टणक गोळे. एखादा उंच माणूस मागं बसला की त्याचे गुडघे रुततात, तसे.

त्या गाडीत मागं जागा नव्हती. सीटच्या मागं पेट्रोलची टाकी, आणि टाकीच्या मागं फायबर.

दीपक सहा फुटाचा होता.

"मंग?" रामनं विचारलं. शेकोटीत लाकूड सरकवायचं कुणाच्या ध्यानात नव्हतं.

"मंग काय. त्यानं आरशात बघितलं न्हाय," तात्या म्हणाले. "तेवढं शहाणपण केलं."

समोरून ट्रकचे दिवे आले, गेले. अंधार जास्तच दाट झाला. नागेशनं वेग कमी केला. तीस. वीस. गुडघे रुततच होते. कट्ट. स्टेअरिंग पोटाला लागलं. कट्ट. छातीला.

हा शेवटचा खटका. योगिनीचा.

इथून पुढं सीटला जागाच नव्हती. त्यानं सुटकेचा श्वास घेतला. मग त्याला कळलं की श्वास पुरता आत जात नाही.

आता स्टेअरिंग पुढं येत होतं.

हळू. भाताच्या पोत्यावर कुणी तळवा दाबावा तसं. सदऱ्याचं बटण फासळीत रुतलं. आणि स्टेअरिंगचा मधला भाग गरम होता. भट्टीतून नुकता काढल्यासारखा. जळक्या लोखंडाचा वास आला. हा वास त्याच्या रोजच्या ओळखीचा...

त्यानं ब्रेक दाबला. गाडी थांबली. इंजिन बंद पडलं.

समोर दिव्याच्या उजेडात पुलाचा कठडा. नव्यानं बांधलेला तुकडा पांढरा दिसत होता.

गाडी उभी. दांडा येतच होता.

"दीपकराव..."

दांडा आणखी आत आला.

"मी बसवला. मीच. खोटं बोललो..."

पाण्याकडून वारा नाही. कुत्रं नाही. रस्त्यावर एक गाडी नाही. कानात फक्त आपलंच रक्त. फासळी कुरकुरली.

"ती पोरगी... तिला न्हाय देत. काढतो. आत्ता काढतो."

दांडा थांबला. मग पाठीतले गुडघे सैल झाले. एक. मग दुसरा.

नागेश दारातून बाहेर पडला तो गुडघ्यावर. हत्यारांची पिशवी ओढून काढली आणि तिथंच, रस्त्याच्या कडेला, लोखंडी करवतीनं दांडा कापायला बसला. भरीव गज. पातं तुटलं, दुसरं लावलं. चंद्र वर आला होता. मध्यरात्र उलटता दांडा निघाला. पहाटे ऊस खाली करून परतणाऱ्या ट्रॅक्टरनं, पुढची चाकं रिकाम्या ट्रॉलीवर चढवून, गाडी शेडवर ओढून आणली.

मग नागेश वडगावला गेला. आप्पासाहेब ओसरीवर चहा घेत होते. त्यानं दांडा त्यांच्या पायाशी ठेवला आणि सगळं सांगितलं. आप्पासाहेबांनी कपबशी खाली ठेवली. चहावर साय धरली.

"उचल ते," शेवटी ते म्हणाले. "आणि चौकीत जाऊन सांग."

तो गेला. तिथं त्याला सांगण्यात आलं की प्रकरण बंद झालंय, कागद वर गेलेत, आणि आता लिहून घ्यायला जागा नाही. कबुली द्यायला आलेला माणूस असा परत पाठवला गेला. महिपतीनं मात्र सगळं ऐकून हात जोडले आणि व्यवहार मोडला. योगिनी आजही एसटीनं जाते.

गाडी शेडमध्ये कोपऱ्यात राहिली. स्टेअरिंग नाही. बॅटरी काढलेली. शेडची रीत अशी की आत आलेल्या गाडीच्या मीटरचा आकडा खडूनं भिंतीवर लिहायचा, कारण पोरं गिऱ्हाइकाच्या गाड्या फिरवून आणतात. तात्यांनी लिहिला : १४३०६. कुलूप घातलं, किल्ली कमरेला.

फेब्रुवारीत महिपती एक कागद घेऊन आला. गाडी नावावर करायचा अर्ज त्यानं आधीच आरटीओच्या एजंटाकडे दिला होता. तो मागं घ्यायचं राहून गेलं. कागद मंजूर होऊन आला होता. तपासणी, ११ फेब्रुवारी १९९८. वाहन चालवून पाहिले. स्टेअरिंग समाधानकारक. खाली साहेबाची सही नि शिक्का.

"स्टेअरिंगच न्हाय अन् समाधानकारक," महिपती हसून म्हणाला. "सायबानं खुर्चीतनंच चालवली जणू."

नागेशही हसला. गावात कुणीही हसलं असतं. असे कागद खुर्चीतच तयार होतात.

मग त्यानं खालची ओळ वाचली. तपासणीच्या वेळी मीटर : १४३५२.

तात्यांनी कुलूप काढलं. गाडी होती तिथंच, धूळ खात. स्टेअरिंगच्या जागी भोक. भिंतीवर खडूचा आकडा, १४३०६. नागेशनं काचेवरची धूळ अंगठ्यानं पुसली आणि टॉर्च धरला.

मीटरवर १४३५२ होतं.

त्या कार्यालयात तात्यांच्या सहीनिशी अर्ज गेला, मग दुसरा गेला. ११ फेब्रुवारीला ती गाडी तपासणीला कुणी आणली, एवढंच त्यात विचारलं होतं. आणणाऱ्याच्या नावाचा रकाना फॉर्मात आहे. तो भरलेला आहे की कोरा, हे दोन वर्षं झाली, अजून कुणी सांगितलेलं नाही.