आत ओढणारी गळती

"तुमची बरणी दवाखान्यात भरती आहे का गं?" असं आई पहिल्यांदा म्हणाली, तेव्हा मी आणि मुंगी हसून हसून लोळलो होतो. दिसायचंच तसं! जाड प्लास्टिकची बरणी, आत सोड्याचं पाणी आणि स्टीलच्या पट्ट्या, झाकणातून निघालेली पारदर्शक नळी. बॅटरी जोडली की पाण्यातून हायड्रोजन सुटणार आणि नळीवाटे पेल्यातल्या पाण्यात बुडबुडणार. मी म्हणजे कल्पनांचा कारखाना, तोंडाचा पट्टा अखंड चालू. मुंगी माझ्या वर्गातली, बारकी, गप्प, पण हात सोन्याचे. सगळे सांधे तिनेच बसवले. नळी लावण्याआधी एक टोक अंगठ्याने दाबायची, दुसऱ्यातून गाल फुगवून फुंकायची आणि मगच म्हणायची, "पास!"

प्रदर्शनाच्या आदल्या दुपारी शाळेत सरांनी विचारलं, "मोठ्या प्रदर्शनाला एकीलाच नेता येईल. सांधे कुणी केले?"

"मी, सर."

तोंडातून निघून गेलं. छे, निघून कसलं गेलं, मीच सोडलं. मुंगी शेजारीच उभी होती. तिने बोलायला घेतात तसा श्वास आत घेतला. आणि बोललीच नाही.

संध्याकाळी घरी बॅटरी जोडली, तर पेल्यात एक बुडबुडा येईल तर शपथ. गॅस मधेच कुठेतरी गळत होता, आणि सकाळी सर न्यायला येणार होते. आई गॅसच्या शेगड्या दुरुस्त करते, त्यामुळे आमच्याकडे गळती शोधायची रीत एकच: ब्रशने साबणाचा फेस लावायचा, फुगा आला की चोर सापडला. मुंगीचे सगळे सांधे निर्दोष निघाले. फुगा आला नळीच्या मधोमध. तिथे ना चीर, ना भोक.

मी बॅटरी काढली. फुगा वाढतच राहिला. बोराएवढा झाला. मग हळूहळू बारीक झाला. मग पुन्हा फुगला.

आईने कपाळावरचा चष्मा डोळ्यांवर घेतला. "पलीकडून कुणी फुंकतंय का?"

"पलीकडे बरणी आहे, आई."

"गळती बाहेर फेकते गं. आत ओढणारी मी आजवर पाहिली नाही." तिने हात पदराला पुसले, दोनदा पुसले. "मुंगीला विचार. काम तिचं आहे ना?"

मी मान खाली घालून फोन लावला आणि स्पीकर चालू केला.

"मुंगे, नळी गळतेय."

"सांधे बघ." तिचा आवाज तुटत होता. "मला दुपारपासून धाप लागलीय गं. श्वास घेते, पण मधेच कुठेतरी सांडतो."

तिने श्वास घेतला. फुगा बारीक झाला.

तिने सोडला. फुगा फुगला.

आई आतल्या खोलीत गेली.

"तू सरांना सांगितलंस का?" मुंगीने विचारलं.

सरांचा नंबर त्याच फोनमध्ये होता. दोन वाक्यांचं काम. मला सांगायचंही होतं, खरंच.

"प्रदर्शन झालं की सांगते. देवाशप्पथ."

फुगा थबकला. वाट बघत असल्यासारखा.

मी आईच्या पेटीतला, भोकं बुजवायचा सीलचा लगदा मळला, फेस पुसला आणि त्या जागेवर थापला. अंगठ्याने दाबून धरला. खालून काहीतरी मऊ, कोमट ढकलत होतं. मी आणखी जोर लावला.

मग ढकलणं थांबलं.

लगदा कडक झाल्यावर बॅटरी जोडली. पेल्यात बुडबुडे. एकामागून एक, माळेसारखे.

"जमलं!" मी किंचाळलेच.

"अरे वा!" मुंगी म्हणाली. धाप पार गेली होती, आवाज एकदम मोकळा. मग ती सुटलीच. सरांसमोर कसं उभं राहायचं, कुठली तार सैल होते, पेल्यात पाणी किती घ्यायचं. एवढं बोलताना मी तिला कधी ऐकलं नव्हतं. मी हुं हुं करत होते.

मग माझ्या लक्षात आलं आणि माझं हुं बंद झालं.

रस्त्यावरचे दिवे लागले. मुंगी बोलतच होती. दोन शब्दांच्या मधे ती कुठेच श्वास घेत नव्हती.