पाय मोडण्याच्या शुभेच्छा

तन्मयीला पाय दोनच. त्यातला एक मोडला, तर ती चालणार कशी?

हे कोडं सात पायांच्या टिंबूला पडलं होतं. उत्तर इतकं भयंकर निघालं की त्याने तन्मयीला उचलून सरळ आपल्या पाठीवर बसवलं. टिंबू हा दूरच्या ग्रहावरून साताऱ्याला आलेला पाहुणा. पृथ्वीवरून अवकाशात पोहोचलेले कार्यक्रम ऐकून तो इंग्रजी शिकला होता. मराठी मात्र तन्मयीच्या घरी राहून. आज शाळेचं स्नेहसंमेलन होतं, इंग्रजी नाटकाचा पडदा उघडायला आला होता आणि नाटकातली राणी टिंबूच्या पाठीवर अडकली होती.

"सोड ना रे! पहिला प्रवेश माझाच आहे!" तन्मयी ओरडली.

"मुळीच नाही. 'ब्रेक अ लेग' म्हणाले आजोबा. पाय मोड! मी स्वतः ऐकलं."

तन्मयीचे आजोबा भाषाशास्त्रज्ञ (भाषा कशा घडतात याचा अभ्यास करणारे). इंग्रजी नाटकाला शुभेच्छाही इंग्रजीतूनच द्यायची हौस त्यांना चांगलीच भोवली.

"अरे, तो वाक्प्रचार आहे (सुट्या शब्दांहून वेगळाच अर्थ सांगणारा शब्दांचा गट)," ते घाईघाईने म्हणाले. "गणिताचा पेपर 'पीस ऑफ केक' होता असं ही म्हणाली, तेव्हा तू काय केलंस?"

"फ्रिज शोधला," टिंबू म्हणाला. त्याचं ते दुःख अजून ताजं होतं. "केक नव्हता."

"केक खायला काही कष्ट पडतात का? नाही. म्हणून सोप्या कामाला इंग्रजीत केकचा तुकडा म्हणतात."

"हे पटलं. पण पाय मोडणं सोपं नाही आणि गोडही नाही."

"इथे गाडी उलटी चालते. आधीच चांगलं बोललं तर दृष्ट लागते, असं म्हणे पूर्वीच्या नटांना वाटायचं. म्हणून ते मुद्दाम वाईट बोलायचे. निदान तसं सांगतात. खरं मूळ कुणालाच नक्की ठाऊक नाही."

टिंबूचे सातही पाय ताठ झाले. "म्हणजे मनात एक आणि तोंडात दुसरं! आमच्याकडे याला खोटं म्हणतात. संध्याकाळी मला न्यायला यान आलं की मी आमच्या लोकांना सांगणार, इथे पुन्हा यायला नको."

खाली उतरायची तन्मयीची धडपड थांबली. नाटक काय, पुढच्या वर्षीही करता येईल. टिंबू कुठून आणायचा?

"टिंबू," तिने विचारलं, "काल सकाळी आई कामाला निघताना काय म्हणाली?"

"'येते' म्हणाली. मी दार धरून उभा राहिलो, तर ती चक्क निघून गेली."

"आणि संध्याकाळी?"

"आली."

"आम्ही निघताना 'जाते' म्हणत नाही. परत आलंच नाही तर, अशी भीती वाटते ना! म्हणून उलटं बोलतो. पण यात फसवणूक कुठे आहे? खोटं बोलणाऱ्याला वाटतं, समोरच्याला खरं कळू नये. आईला वाटतं, मला कळावं. आणि मला कळतं."

आजोबांनी चष्मा काढून पुसला. "हे माझ्या व्याख्यानात असायला हवं होतं," ते पुटपुटले.

टिंबूने बराच विचार केला. मग तो वाकला आणि त्याने राणीला अलगद खाली उतरवलं.

"ब्रेक अ लेग," तो म्हणाला. लगेच घाबरून त्याने पुस्ती जोडली, "एकच हं. आणि खराखुरा नको."

नाटक झकास झालं. राणी एकदा वाक्य विसरली, पण पाय दोन्ही शाबूत राहिले.

संध्याकाळी अंगणात यान उतरलं. टिंबू तिथे जाऊन काय सांगणार, हे विचारायचा तन्मयीला धीर होईना. टिंबू पायऱ्या चढला, दारात थांबला आणि मागे वळला.

"येतो," तो म्हणाला.

तन्मयीला रडू आवरेना. "ये हं," एवढंच ती कसंबसं म्हणाली.

यान ढगांपलीकडे दिसेनासं झालं. आजोबा फाटक लावायला निघाले.

"राहू द्या ना उघडं," तन्मयी म्हणाली.